छिद्र नसलेली गळती

बोईसर स्टेशनावर उतरून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की तारापूरचं अणुशक्ती केंद्र लागतं. तिथल्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत शेकडो टन जड पाणी असतं. साध्या पाण्यात दर साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे साधारण एक अणू जड हायड्रोजनचा, म्हणजे ड्युटेरियमचा. ते वेगळे काढत काढत हे पाणी तयार करावं लागतं, म्हणून ते फार महाग. आपल्याकडे अलिबागजवळ थळला त्याचा मोठा कारखाना आहे. एवढ्या खटाटोपानं मिळवलेलं हे पाणी भट्टीत सुमारे ३०० अंश तापमानाला, प्रचंड दाबाखाली, शेकडो नळ्यांतून फिरत असतं. एखादा जोड किंचित सैल झाला तर त्याची वाफ होऊन हवेत मिसळते. ती शोधायची कशी? जड पाणी दिसायला आपल्या पाण्यासारखंच. त्यात हा समुद्रकाठ, हवा कायम दमट. फरशीवरची ओल भट्टीतून आली की हवेतून, हे नुसत्या डोळ्यांना कळणार नाही.

ते कळतं ट्रिशियममुळे. भट्टीत राहून राहून जड पाण्यातले काही ड्युटेरियम अणू एकेक न्यूट्रॉन गिळतात आणि ट्रिशियम होतात. ट्रिशियम किरणोत्सारी आहे. तो अगदी थोडा असला तरी मोजणाऱ्या उपकरणाला दिसतो. या जातीच्या अणुभट्ट्यांत हवेचे नमुने घेतात, उष्णता पलीकडे पोचवणाऱ्या यंत्रांतल्या साध्या पाण्याचेही घेतात. त्यांत ट्रिशियम वाढला की समजायचं, आतलं पाणी बाहेर आलं. शिवाय हिशोब असतोच: किती भरलं होतं, किती शिल्लक आहे, हवा कोरडी करणाऱ्या यंत्रांनी किती परत मिळवलं. उरतो तो फरक म्हणजे गळती.

गळतीचं नुकसान दर वेळी धडाक्यात होत नाही. तारापूरची पहिली दोन युनिटं २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यावसायिक वीजनिर्मिती करू लागली, तेव्हा त्यांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती. त्यांच्या दुय्यम वाफ-जनित्रांतल्या नळ्या गळू लागल्या, ती जनित्रं बाजूला काढावी लागली आणि ऐंशीच्या दशकात क्षमता १६० मेगावॉटवर आणली गेली. युनिटं पुढेही वीज देत राहिली, पण प्रत्येकी पन्नास मेगावॉट कायमचे गेले.

हे सगळं सांगायचं कारण, संगणकाच्या पोटातही एक गळती असते आणि ती मला याहून अद्भुत वाटते. जड पाणी निदान कुठेतरी जातं. संगणकातली गळती कुठेच जात नाही. मेमरी आहे तिथेच, त्याच चिपवर, शाबूत असते. फक्त ती कोणाची आहे हे यंत्रातल्या कोणालाच आठवत नाही.

कुठल्याही लिनक्स संगणकावर चालू कामांची यादी काढून पाहा. आपण उघडलेला ब्राउझर, गाणी, टर्मिनल ही ओळखीची नावं सापडतील. पण त्यांच्याबरोबर डझनांनी, मोठ्या यंत्रावर शेकड्यांनी, अशीही नावं दिसतील जी आपण कधी चालू केलेली नाहीत. ती चौकोनी कंसात छापलेली असतात: केस्वॉपडी, केसॉफ्टआयआरक्यूडी, केवर्कर. हे कर्नेलचे थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे कामाचे धागे. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क, वेळ या सगळ्यांची वाटणी तो करतो. त्याची काही कामं अखंड पाठीमागे चालू ठेवावी लागतात. मेमरी कमी पडली की जुनी पानं बाहेर काढायची, डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहायचं, नेटवर्क कार्डानं आणून टाकलेलं उचलायचं. अशा एकेका कामाला एकेक थ्रेड. या सगळ्यांचा जनक असतो केथ्रेडडी नावाचा थ्रेड, यादीत नेहमी दुसऱ्या क्रमांकावर. नवा कर्नेल थ्रेड हवा असला की त्यालाच सांगतात आणि तो जन्माला घालतो.

या थ्रेडांना स्वतःचा असा मेमरीचा प्रदेश नसतो. आपल्या प्रत्येक प्रोग्रामला कर्नेल एक स्वतंत्र नकाशा देतो आणि तो प्रोग्राम त्या नकाशाबाहेर पाहू शकत नाही. कर्नेल थ्रेडला असा नकाशाच नाही. प्रोसेसरवर त्याच्या आधी जो प्रोग्राम चालू होता त्याचाच नकाशा तो तात्पुरता वापरतो, कारण त्याला हवा असलेला कर्नेलचा भाग प्रत्येक नकाशात सारखाच असतो. त्याच्या खासगी मालकीचं म्हणावं असं फार थोडं: त्याची नोंद आणि एक छोटा स्टॅक, म्हणजे काम चालू असताना लागणारी टिपणवही. आजच्या नेहमीच्या ६४-बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर हा स्टॅक १६ किलोबाइटचा असतो; २०१४ पर्यंत तो ८ किलोबाइटच होता. एखाद्या फोटोच्या तुलनेत नगण्य अशा या जागेत उभं राहून हे थ्रेड महिनोन्‌महिने यंत्र चालवतात.

गळतीची गोष्ट याच मालकीपाशी सुरू होते. आपला एखादा प्रोग्राम मेमरी मागून परत द्यायला विसरला, तरी त्याचा शेवट झाला की कर्नेल मागून येऊन सगळं आवरतो. उघड्या फायली बंद करतो, नकाशा मोडतो, मेमरी मोकळी करतो. प्रोग्राम कोसळला तरीही. कर्नेल थ्रेडच्या मागून येणारं कोणी नाही. त्यानं मागितलेली मेमरी त्याच्या नावावर लागतच नाही, ती एकूण कर्नेलची होते. थ्रेड संपला की त्याचा स्टॅक परत मिळतो, कालांतरानं नोंदही पुसली जाते, पण त्यानं चालता चालता मागून ठेवलेले तुकडे तसेच राहतात. त्यांचे पत्ते थ्रेडच्या स्टॅकवर लिहिलेले होते, आणि स्टॅकच आता नाही.

तुकडा केवढा असतो? समजा ६४ बाइटचा. आणि एखादा थ्रेड सेकंदाला शंभर फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत असा एक तुकडा विसरतो. दिवसाला सुमारे सव्वापंचावन्न कोटी बाइट झाले. ८ गिगाबाइटच्या संगणकाची मेमरी पंधरवड्यात संपेल. १ गिगाबाइटचा छोटा डबा, जसे आज कारखान्यांत मोजमापं गोळा करून पुढे पाठवायला बसवलेले असतात, दोन दिवसही पुरे करणार नाही. तारापूर एमआयडीसीसारख्या ठिकाणी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात. तिथल्या यंत्राला ‘बंद करून पुन्हा चालू करा’ हे उत्तर चालत नाही.

मेमरी संपत आली की कर्नेल शेवटचा उपाय काढतो. एखादा प्रोग्राम निवडून त्याला ठार मारायचं आणि त्याची मेमरी घ्यायची. निवड करताना तो बघतो की सर्वांत जास्त मेमरी कोणाकडे आहे. पण गळालेली मेमरी कोणाच्याच नावावर नाही, आणि कर्नेल थ्रेडांना तर या निवडीतून मुळातच वगळलेलं आहे. मग बळी जातो तो भल्या कामात गुंतलेला, रीतसर मेमरी वापरणारा मोठा प्रोग्राम, बहुधा डेटाबेस. माणसं डेटाबेसची चौकशी करत बसतात, त्याच्या सेटिंगा बदलतात, आणि दोष असतो भलत्याच एका ड्रायव्हरमधल्या, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या कर्नेलच्या भागातल्या, चार ओळींत. गळती शोधण्यातली मोठी अडचण हीच आहे. जिथे दुखतं तिथे ती नसते.

आणि गळते ती फक्त मेमरी नाही. लॉक गळतं, एखादी वस्तू किती जणांच्या हाती आहे हे मोजणारा संदर्भांचा आकडा गळतो, कधी अख्खा थ्रेडच गळतो: कधीच न येणाऱ्या हाकेची वाट पाहत झोपून राहतो आणि यादीतला एक क्रमांक अडवून ठेवतो. लिनक्समध्ये असे क्रमांक पूर्वापार ३२,७६८ इतकेच मिळत. एके काळी प्रत्येक ड्रायव्हर स्वतःसाठी प्रत्येक प्रोसेसरमागे एकेक थ्रेड काढून ठेवी. प्रोसेसर हजारोंनी असलेल्या यंत्रांवर मग असं होऊ लागलं की यंत्र नुसतं चालू होतानाच सगळे क्रमांक संपायचे. यात कोणी चूक केली नव्हती, सगळ्यांनी मिळून नको तितकं घेतलं होतं. २०१० मध्ये तेजुन हिओ यांनी ही व्यवस्थाच बदलली. थ्रेडांचा एक सामाईक ताफा ठेवला आणि कामं त्याच्याकडे सोपवली.

आता दुरुस्तीकडे येऊ. एक गळती मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण कर्नेल लिहिणारे अनुभवी लोकही तिच्यात अडकले आहेत.

एका ड्रायव्हरला थ्रेड सुरू करायचा आहे. तो आधी मेमरीचा एक तुकडा मागतो, त्यात थ्रेडला लागणारी माहिती भरतो, थ्रेड जन्माला घालतो आणि तुकडा त्याच्या हाती देतो. ठरलेलं असं: काम संपलं की थ्रेडनंच जाता जाता तो तुकडा परत करायचा. वाचायला हे अगदी नीटनेटकं वाटतं. आता पाहा. थ्रेड जन्मला, त्याला जागंही केलं, पण प्रोसेसरवर त्याची पाळी अजून आलेली नाही. तेवढ्यात कोणीतरी उपकरणच काढून घेतलं. ड्रायव्हर तातडीनं थ्रेडला थांबायला सांगतो. मग थ्रेडची पाळी येते. कर्नेल आधी तपासतो की याला थांबायला सांगितलंय का. हो, सांगितलंय. मग कर्नेल त्याचं मूळ काम सुरूच करत नाही, त्याला थेट निरोप देतो. जे काम कधी सुरूच झालं नाही, त्याच्या शेवटच्या ओळीत तुकडा परत करायचा होता. तुकडा गळाला.

हजार वेळा चालवून पाहिलं तरी हा प्रसंग येणार नाही. एखाद्या दिवशी यंत्रावर भार जास्त असतो, पाळी यायला काही मिलिसेकंद उशीर होतो आणि तेव्हा येतो. आणि उपाय? ओळी थोड्याच बदलतात, पण विचार पूर्ण उलटा करावा लागतो. परतीची जबाबदारी थ्रेडकडून काढून त्याला जन्माला घालणाऱ्याकडे द्यायची. ड्रायव्हरनं थांबायला सांगायचं, थ्रेड खरोखर थांबेपर्यंत वाट पाहायची, आणि मग तुकडा स्वतः परत करायचा. थ्रेडचं काम सुरू झालं असो वा नसो, या वाटेवर तुकडा सुटत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. समजा थ्रेड आपण होऊन आधीच संपला आणि त्याची नोंद पुसली गेली. मग ड्रायव्हर त्याला थांबायला सांगू लागला, तर तो नसलेल्या नोंदीला हात घालतो. हे गळतीपेक्षा वाईट, कारण त्या जागी आता दुसऱ्याच कोणाचं काहीतरी असू शकतं. म्हणून थ्रेड सुरू करतानाच ड्रायव्हर त्याच्या नोंदीवर आपला हक्क नोंदवून ठेवतो. नोंदीपाशी एक आकडा असतो, तो एकानं वाढतो. आकडा शून्य होईपर्यंत नोंद पुसली जात नाही. पण वाढवलेला आकडा नंतर कमी करायला हवा. तो विसरला की नोंद कायमची अडकली. एका चुकीपासून वाचायला केलेल्या उपायातच दुसरी चूक दडलेली असते. कर्नेलमधल्या दुरुस्त्या वाचताना मला वारंवार थक्क करते ती ही गोष्ट.

हा आकडा गळला तर काय होतं याचं एक उदाहरण जगभर गाजलं. लिनक्स कर्नेलमध्ये सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा एक भाग आहे. त्यात एक वाट अशी राहिली होती, की आधीच हाती असलेली किल्ल्यांची मालिका पुन्हा मागितली तर आकडा वाढायचा आणि कमी व्हायचा राहून जायचा. ही चूक २०१२ पासून कर्नेलमध्ये होती. परसेप्शन पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी ती शोधली आणि जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाली. आकडा ३२ बिटांचा होता. म्हणजे ४२९ कोटींहून थोड्या अधिक वेळा वाढवला की तो पुन्हा शून्यावर येतो. शून्य झाला की कर्नेल समजतो, ही वस्तू आता कोणालाच नको. तो मेमरी सोडून देतो, आणि ज्याच्या हाती तिचा पत्ता आहे तो ती वापरतच राहतो. तिथून यंत्राचा पूर्ण ताबा घेता येत होता. मेमरी संपवण्याचा प्रश्नच नव्हता, मोजणीतल्या गळतीतून दार उघडत होतं. दुरुस्तीचं सार एवढंच होतं की त्या वाटेवर आकडा एकदा कमी करायचा. पुढच्याच वर्षी कर्नेलमध्ये अशा मोजणीसाठी वेगळा प्रकार आला. टोक गाठलं की तो शून्याकडे वळत नाही, तिथेच अडकून बसतो. त्यात थोडी मेमरी वाया जाते, पण दार बंद राहतं.

एवढ्या मोठ्या कर्नेलमध्ये, कोट्यवधी ओळींत, विसरलेला तुकडा सापडतो कसा? २००९ मध्ये लिनक्समध्ये केमेमलीक नावाचं साधन आलं. ते लिहिलं एआरएम कंपनीतल्या कॅटालिन मारिनास यांनी. त्याची कल्पना मला अतिशय सुंदर वाटते. मेमरीचा तुकडा दिला गेला की ते त्याची नोंद ठेवतं: पत्ता, आकार, मागणाऱ्याचं नाव आणि क्रमांक, वेळ, आणि मागणी होताना कुठल्या फंक्शनातून कुठलं फंक्शन चालू होतं याची पूर्ण साखळी. मग ठरावीक वेळानं, नेहमी दर दहा मिनिटांनी, ते कर्नेलची मेमरी चाळायला घेतं. कर्नेलच्या कायमच्या चलांपासून सुरुवात करतं, चालू थ्रेडांचे स्टॅक घेतं आणि तिथला एकेक शब्द वाचतं. हा शब्द कुठल्या नोंदलेल्या तुकड्याचा पत्ता आहे का? असेल तर त्या तुकड्याची आठवण अजून कोणाला तरी आहे. मग त्या तुकड्याच्या आतलेही शब्द वाचायचे आणि तिथून आणखी पुढे जायचं. असं करत करत सगळी मेमरी पायाखाली घातली, की ज्यांच्याकडे नेणारी एकही वाट सापडली नाही ते तुकडे उरतात. त्यांचा पत्ता या यंत्रात कुठेच लिहिलेला नाही. त्यांना आता कोणी परत करूच शकत नाही.

जड पाण्यातला ट्रिशियम जसं मूळ सांगतो तशी इथे ती साखळी सांगते. अहवालात नुसता हरवलेला तुकडा येत नाही, तो कोणी, कुठल्या फंक्शनात मागितला होता तेही येतं. दुरुस्ती करणारा थेट त्या ओळीवर जाऊन पोचतो.

हे चाळण्याचं काम करणाराही एक कर्नेल थ्रेडच असतो. नोंदी ठेवायला त्यालाही मेमरी लागते. त्या मेमरीच्या नोंदी ठेवायच्या तर आणखी मेमरी, आणि हे कधी संपणारच नाही. म्हणून केमेमलीकच्या स्वतःच्या मेमरीवर ‘हिचा माग काढू नये’ अशी खूण असते. आणि नोंदीसाठी मेमरी मिळेनाशी झाली तर ते स्वतःला बंद करून घेतं, कारण अर्धवट नोंदींवरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरेल. कुठलीही मेमरी ते स्वतः सोडत नाही. एखाद्या ड्रायव्हरनं पत्ता थोडा बदलून किंवा उपकरणाच्या आत लिहून ठेवला असेल, तर तो चाळताना दिसत नाही. म्हणून ते फक्त संशय कळवतं, निर्णय माणसावर सोडतं.

शोधण्यापेक्षा विसरणंच अवघड करावं, या दिशेनं कर्नेल लिहिण्याची पद्धत सतत बदलत आली आहे. जुनी शिस्त अशी: तीन गोष्टी ज्या क्रमानं घेतल्या त्याच्या बरोबर उलट क्रमानं परत द्यायच्या, आणि तिसरी मिळाली नाही तर पहिल्या दोन परत करूनच बाहेर पडायचं. ही शिस्त माणसानं पाळायची, म्हणून कधीतरी मोडायची. घाईत लिहिलेल्या चूक-वाटेवरच सर्वांत जास्त गळती सापडते, कारण त्या वाटेनं यंत्र क्वचितच जातं आणि चाचणी त्याहूनही क्वचित. २००७ मध्ये ड्रायव्हरांना अशी सोय मिळाली, की घेतलेली वस्तू उपकरणाच्या नावावर लावायची. उपकरण गेलं की ती आपोआप परत. २०२३ मध्ये पीटर झायल्स्ट्रा यांच्या कामामुळे कम्पायलरकडूनच हे करून घेता येऊ लागलं. चल ज्या चौकटीत घोषित केलं तिच्यातून बाहेर पडताना, कुठल्याही वाटेनं बाहेर पडा, परतीचं काम होतंच. डिसेंबर २०२२ पासून कर्नेलमध्ये रस्ट ही भाषाही आली. तिच्यात मालकी हा भाषेचाच नियम आहे.

सर्वांत कडक मार्ग मात्र मागण्याचाच प्रश्न काढून टाकतो. त्यासाठी पुन्हा तारापूरकडे वळू. तारापूरच्या चौथ्या युनिटनं सप्टेंबर २००५ मध्ये आणि तिसऱ्यानं ऑगस्ट २००६ मध्ये व्यावसायिक उत्पादन सुरू केलं. या पिढीच्या भट्ट्यांचं नियंत्रण संगणकाधारित आहे, आणि अशा यंत्रणांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळानं २०१० मध्ये मार्गदर्शिकाही काढली. सुरक्षेशी निगडित सॉफ्टवेअर लिहिण्याची जगभरची रीत अशी, की लागेल तेवढी मेमरी सुरुवातीलाच निश्चित करायची आणि यंत्र चालू झाल्यावर पुन्हा एक बाइटही मागायची नाही. जे मागितलंच नाही ते परत करायला विसरता येत नाही. आपल्या फोनला किंवा सर्व्हरला हे परवडणार नाही, तिथे कधी काय लागेल ते कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून तिथे हिशोब ठेवत राहावं लागतं.

हे स्वतः करून पाहता येतं, आणि पालघर-बोईसरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलामुलींनी ते करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. लिनक्स कर्नेलच्या मूळ संहितेतच केमेमलीकच्या परीक्षेसाठी मुद्दाम गळणारं एक मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला जोडता येणारा तुकडा, दिलेलं आहे. जुना लॅपटॉप किंवा आभासी यंत्र घ्या, केमेमलीक चालू ठेवून कर्नेल बांधा, ते मॉड्यूल भरा आणि चाळायला सांगा. पहिल्या फेरीत बहुधा काहीच दिसणार नाही. बिघाड झाला असं समजू नका. तुकड्यातला मजकूर मागच्या फेरीपासून बदललेला असेल, तर कोणीतरी तो अजून वापरत असावं असं धरून केमेमलीक त्याला एक फेरी सोडून देतं. थोडं थांबून दुसऱ्यांदा चाळायला सांगा. अहवालात एकेक तुकडा त्याच्या आकारासह येईल आणि त्याखाली फंक्शनांची साखळी असेल. त्या साखळीतलं एक नाव तुम्ही नुकत्याच भरलेल्या मॉड्यूलचं असेल.